आणलास, की ठेवून आलास?

माझा भाऊ तुल्लिओ परीक्षा देऊन घरी आला की आमचे बाबा त्याला दारातच विचारायचे, "आणलास, की ठेवून आलास?"

परक्या माणसाला वाटेल, पोराला बाजारात पाठवलं होतं. पण आमच्या फेर्रारात ज्या घरातलं पोर विद्यापीठात जातं, त्या घरात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. परीक्षा तोंडी असते. प्राध्यापकासमोर खुर्चीत बसायचं, मागे बाकीची मुलं कान टवकारून ऐकत असतात, आणि प्रश्न संपले की प्राध्यापक तिसांपैकी एक आकडा सांगतो. अठराच्या खाली नापास. अठरा किंवा जास्त असला तर तो विचारतो, "स्वीकारता का?" पसंत नसेल तर आभार मानून उठायचं आणि पुढच्या परीक्षेला परत यायचं. नाकारलेला आकडा कुठेही लिहिला जात नाही. तुम्ही त्या दिवशी तिथे आलाच नव्हता, असं धरलं जातं.

तुल्लिओ बहुतेक वेळा ठेवून यायचा. पंचवीस ठेवून आला, सत्तावीस ठेवून आला. एकदा तर एकोणतीस ठेवून आला, कारण आकडा सांगताना प्राध्यापकांनी किंचित नाक मुरडलं असं त्याला वाटलं. बाबा बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर होते. ते म्हणायचे, "आलेल्या प्रत्येक बीटाला मी असं नाकारत बसलो असतो, तर अख्ख्या इटलीनं कॉफी कडू प्यायली असती." पण ते चिडायचे नाहीत. आणि कधी तुल्लिओ "आणला" म्हणाला, तर दोन पेल्यांत दोन-दोन बोटं लाल वाइन ओतून एक त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "चल, जेवायला बस."

चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने इतका लांबवला की त्याच्यामागून आलेली मुलं पदवी घेऊन, परीक्षकांच्या बाजूला बसून त्यालाच प्रश्न विचारू लागली. अखेर एकच विषय उरला, पाण्याच्या भूगोलाचा. त्यात सत्तावीस मिळाले. ते घेतले असते तर त्याच हिवाळ्यात पदवी हातात पडली असती. समारंभासाठी आईने बाबांचा काळा कोट धुऊन-इस्त्री करून दाराआड टांगूनसुद्धा ठेवला होता. तुल्लिओ आला, सायकल भिंतीला टेकवली, आणि बाबांनी विचारायच्या आत म्हणाला, "ठेवून आलो. फेब्रुवारीत तीस आणतो."

बाबा नोव्हेंबरात गेले. तोच कोट आम्ही त्यांना घातला. फेब्रुवारीत तुल्लिओला सव्वीस मिळाले आणि ते त्याने घेतले.

यातून मी जे शिकायचं ते शिकले. दुसऱ्याच वर्षी जो भला माणूस समोर आला त्याच्याशी लग्न केलं आणि विद्यापीठामागच्या गल्लीत झेरॉक्सचं आणि प्रबंध बांधून देण्याचं दुकान थाटलं. तुल्लिओ मात्र नेमकं उलटं शिकला. दुःखात घाई झाली, थांबलो असतो तर तीस मिळाले असते, असं त्याने मनाशी पक्कं केलं. त्यानंतर त्याने आयुष्यात जे काही समोर आलं ते नाकारलं. विद्यापीठातच संशोधक म्हणून लागला आणि त्याच पायरीवर राहिला. वरच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा पुस्तक अजून पुरं झालेलं नाही म्हणून स्वतःच मागे घेतला. पिसाच्या विद्यापीठाने बोलावलं, तर तिथलं पाणी त्याच्या अभ्यासाचं नव्हतं. आणि फियोरेन्झा. शाळेत शिकवायची, हसरी होती, माझ्या दुकानात येऊन त्याची वाट बघत बसायची. लग्नाचं काढलं की हा म्हणायचा, जरा पुस्तक होऊ दे. शेवटी तिने रोव्हिगोच्या एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. मला त्या दिवशी तुल्लिओचा इतका राग आला होता की त्याच्यासाठी केलेलं सूप मी मांजरीला घातलं.

पण माझा भाऊ नुसता हट्टी नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्याइतकं मन लावून शिकवणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. गोरो, कोदिगोरो, मेझोला अशा नदीच्या मुखाकडच्या गावांतून येणारी मुलं, ज्यांच्या घरी समुद्रातले शिंपले काढतात किंवा पाणी उपसलेल्या जमिनीवर भात लावतात, ती सगळी त्याच्याभोवती असायची. आमचा निम्मा जिल्हा समुद्रापेक्षा खाली आहे. पंप बंद पडले तर आठवडाभरात आमच्या शेतांत मासे पोहतील. तुल्लिओ मुलांना सांगायचा, असंच जगणारी माणसं जर्मनीत आहेत, पोलंडमध्ये आहेत, हॉलंडमध्ये तर सगळा देशच तसा आहे. त्यांच्याकडे जाऊन शिका, त्यांची मुलं इथे येऊ देत.

म्हणून ती सुधारणा आली तेव्हा विद्यापीठात खुश झालेला तो बहुधा एकटाच होता. बोलोन्या आमच्यापासून आगगाडीने अर्ध्या तासावर. तिथून आलेलं काहीही आम्ही जरा संशयानेच घेतो. त्यात एका जूनमध्ये देशोदेशीचे शिक्षणमंत्री तिथे जमले आणि त्यांनी ठरवलं की युरोपभर पदव्या एकमेकींशी जुळत्या करायच्या. तीन वर्षांची पहिली पदवी, दोन वर्षांची पुढची. अभ्यास कुठल्याही देशात केला तरी तो दुसऱ्या देशात मोजला गेला पाहिजे. जुने प्राध्यापक माझ्या दुकानात झेरॉक्सची वाट बघताना कडाकडा बोटं मोडायचे. "विद्या म्हणजे काय लोणी आहे, वजन करून द्यायला?" तुल्लिओ त्यांना म्हणायचा, "गोरोच्या पोरीला हॉलंडमध्ये नोकरी मिळणार असेल, तर मी वजन करून देतो."

पुढे जर्मनीतलं एक लहान विद्यापीठ, पोलंडमधलं एक आणि आमचं, असे तिघांनी मिळून पाणी आणि सखल जमीन या विषयाची दोन वर्षांची सामाईक पदवी काढली. मुलांनी तिन्हीकडे फिरायचं आणि शेवटी पदवी एकच घ्यायची. सगळं जमलं आणि घोडं गुणांच्या तक्त्यापाशी अडलं. जर्मनीत एक हा सर्वांत चांगला गुण, पाच म्हणजे नापास. पोलंडमध्ये पाच उत्तम आणि दोन नापास. आमचे तीस. कुठला आकडा कुठल्या आकड्याच्या जोडीला धरायचा? वर बसलेल्या शहाण्यांनी मार्ग सुचवला होता: आपल्याकडे किती टक्के मुलांना कोणता गुण मिळतो ते प्रत्येकाने सांगायचं, आणि तिघांचे आकडे वरपासून खालपर्यंत शेजारीशेजारी मांडायचे. हे काम कोणालाच नको होतं, म्हणून ते तुल्लिओकडे आलं.

मला वाटलं, महिन्याभराचं काम. चार वर्षं झाली. दर बैठकीच्या आधी तो माझ्याकडे तक्ता छापायला यायचा. वर लिहिलेलं असायचं "अंतिम". मग "अंतिम, सुधारित". मग "खरोखर अंतिम". मी म्हणायचे, "तुल्लिओ, माझ्या यंत्रालासुद्धा हा तक्ता पाठ झालाय." तो म्हणायचा, "आमची टक्केवारी अपुरी आहे, मार्त्सिया. त्यावर सही करणं बरं नाही." बैठकीतही तो एवढंच म्हणायचा आणि तक्ता पुढच्या बैठकीवर जायचा. तोवर पहिली तुकडी शेवटच्या वर्षाला येऊन ठेपली.

त्या मार्चमध्ये, एका शुक्रवारी, इलेनिया माझ्या दुकानात आली. गोरोची पोरगी, वडील शिंपल्यांच्या बोटीवर, तुल्लिओची लाडकी. जर्मनीतलं सत्र संपवून नुकतीच परतली होती.

"सिन्योरा, प्रबंध बांधायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"जुलैत सगळे एकदम येतात. तू आधी सांगितलंस तर लगेच करीन."

"मग राहू दे. बहुतेक बांधावाच लागणार नाही."

मी यंत्र बंद केलं आणि तिला स्टूल दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. हॉलंडमध्ये समुद्राचं पाणी अडवण्यावर काम करणारी एक संस्था आहे, तिथे तिला सप्टेंबरपासून घेणार होते. अट एकच, जुलैत पदवी हातात हवी. आणि जर्मनीतला मुख्य विषय तिच्या नावावर नव्हता. परीक्षा दिली होती. तोंडीच होती, प्राध्यापक ल्यूडर्स आणि त्यांचा सहायक समोर होते. शेवटी त्यांनी सांगितलं, दोन पॉइंट सात. इलेनियाला वाटलं, आपण याहून बरं बोलू शकतो. तिने हसून आभार मानले, म्हणाली, "मी हा गुण स्वीकारत नाही, पुढच्या वेळी येते," आणि उठून आली.

"मग?"

"त्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. मला वाटलं, किती सभ्य लोक आहेत. नंतर कळलं, माझ्या नावापुढे 'परीक्षा सोडून गेली' असं लिहिलंय. आणि तो विषय पुन्हा थेट पुढच्या हिवाळ्यात."

"पण नाकारायला तुला सांगितलं कोणी?"

"निघताना प्रोफेसर म्हणाले होते, आपल्या लायकीपेक्षा कमी काही घेऊ नकोस, परत जाता येतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, सिन्योरा. त्यांना फार लागेल."

मी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर, तोवर मलाही वाटत होतं की नाकारणं जगात सगळीकडे असतंच. जेवायला बसलेल्या माणसाने पुरे म्हणावं, इतकी ती आम्हाला साधी गोष्ट. जर्मनीत ती नसते, हे मला त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या कळलं.

सोमवारी तिन्ही विद्यापीठांची बैठक आमच्याकडे होती. जर्मनीकडून त्याच ल्यूडर्सबाई शनिवारीच येणार होत्या आणि रविवारी दुपारी माझ्या घरी जेवायला. तुल्लिओच्या घरी पाहुण्याला द्यायला पुस्तकांशिवाय काही नसतं, म्हणून त्याचे पाहुणे मीच जेवू घालते. मी इलेनियाला म्हटलं, "रविवारी एक वाजता ये. काही विचारू नकोस."

हेनरिके ल्यूडर्स उंच, पांढऱ्या केसांची बाई. इटालियन उत्तम बोलायच्या, पण प्रत्येक वाक्य आधी इस्त्री करून घेतल्यासारखं. मी पास्त्याच्या पारीत लाल भोपळ्याचं सारण भरलेले काप्पेलाच्ची केले होते. ताट संपवून त्यांनी तोंड पुसलं तेव्हा मी विचारलं, कसे झालेत?

"दोन," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा बघून तुल्लिओ घाईने म्हणाला, "चांगला आहे, चांगला आहे. त्यांच्याकडे दोन म्हणजे छान. आपल्या हिशेबात अठ्ठावीस तरी."

"माझ्या स्वयंपाकाला तुझा तक्ता लावू नकोस. आणि सिन्योरा, एक का नाही?"

"भोपळा थोडा गोड आहे."

"भोपळा गोडच असतो."

"म्हणूनच दोन," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. मला ती बाई आवडली.

इतक्यात बेल वाजली. इलेनिया आत आली आणि ल्यूडर्सबाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या. "तुम्ही? आता तब्येत कशी आहे?"

"माझी?" इलेनिया गोंधळली.

"त्या दिवशी तुम्ही चांगलं बोलत होतात. मी गुण सांगितला, दोनदा विचारलं, तरी तुम्ही अचानक निघून गेलात. आम्हाला वाटलं, चक्कर आली असेल, किंवा आमचं काहीतरी लागलं असेल. माझा सहायक जिन्यापर्यंत तुमच्यामागे आला होता."

तुल्लिओचा काटा हातातच राहिला. "निघून गेलीस? का?"

इलेनियाच्या आधी मीच बोलले. दुकानात ऐकलेलं सगळं सांगितलं, निघताना तिला कोणी काय सांगितलं होतं तेसुद्धा. तुल्लिओ माझ्याकडे बघत होता, मग त्याने बघणं सोडलं. त्याचा चेहरा इतका उतरला की मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण मी थांबले नाही.

ल्यूडर्सबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे विद्यार्थी गुण नाकारतात. आणि नाकारलेले गुण लिहीत नाहीत."

"अर्थात," तुल्लिओ म्हणाला.

"म्हणजे तुमच्या टक्केवारीत फक्त स्वीकारलेले गुण आहेत. म्हणूनच तुमच्याकडे इतके तीस दिसतात. आम्हाला वाटायचं, तुम्ही गुण वाटत सुटला आहात." त्यांनी हातातला रुमाल टेबलावर ठेवला. "चार वर्षं तुम्ही म्हणताय, टक्केवारी अपुरी आहे. मला वाटायचं, तुमच्या कार्यालयाने आकडे दिलेले नाहीत, म्हणून तुम्ही वेळ काढताय. हे का नाही सांगितलंत?"

"हे काय सांगायचं?" तुल्लिओ खरोखरच चक्रावला होता. "मला वाटलं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असणार. तुमच्याकडेही नाकारत असतील आणि तुम्ही मात्र ते नीट लिहून ठेवत असाल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चार वर्षांच्या बैठका, ईमेल आणि विमानप्रवास, आणि घोडं या एवढ्याशा गोष्टीपाशी अडलेलं. मला हसू येत होतं, पण इलेनियाचा चेहरा बघून मी ते गिळलं.

ल्यूडर्सबाई तिच्याकडे वळल्या. "मार्ग आहे. परीक्षा पूर्ण झाली होती, माझ्या सहायकाने सगळं टिपून ठेवलंय. उद्याच्या बैठकीत तुम्ही गुण स्वीकारला असं सांगितलंत, तर मी चूक दुरुस्त करून घेईन. पण सामाईक पदवीत गुण तिन्ही मापांत लिहावा लागतो. त्यासाठी तक्ता मंजूर हवा. तो झाला नाही तर तुमचाच काय, या तुकडीतल्या कोणाचाच गुण लिहिता येणार नाही. सगळ्यांच्या पदव्या पुढच्या वर्षावर जातील."

आता सगळे तुल्लिओकडे बघत होते.

"तक्ता चुकीचा आहे," तो म्हणाला. आवाज हलका होता, पण हट्ट तोच. "आता तुम्हालाही कळलं ना, का चुकीचा आहे ते? एक मुलगा पहिल्या खेपेला चोवीस घेतो आणि कामावर जातो, कारण त्याला पुन्हा येणं परवडत नाही. दुसरा तीनदा येऊन तीस घेतो. हा तक्ता त्या पहिल्याला खाली ढकलतो. तो बॉयलरवर काम करून शिकणारा असेल. त्याचं काय?"

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की तो सवयीने अडून बसलाय. जन्मभर नाकारत आलेला माझा भाऊ, मिळेल ते मुकाट घेणाऱ्यांच्या बाजूने भांडत होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं.

"तुमचं बरोबर आहे," ल्यूडर्सबाई म्हणाल्या. "तक्त्याखाली टीप देऊ. तुमची पद्धत सगळ्यांना कळेल अशा शब्दांत. दोन वर्षांनी तक्ता पुन्हा तपासू. याहून चांगला उपाय उद्या दुपारपर्यंत माझ्याकडे नाही."

"टिपा कोण वाचतं? मला एक वर्ष द्या. मी नाकारलेल्या गुणांचा अंदाज काढतो. नीट काढतो."

"त्या मुलाची काळजी मलाही आहे. पण ही मुलगी इथे बसली आहे."

मी उगाच ताटं गोळा करू लागले. मग इलेनियाने विचारलं, "दोन पॉइंट सात म्हणजे आपले किती, प्रोफेसर?"

तक्ता त्याला पाठ होता. "सव्वीस."

माझ्या हातातली ताटं मी पुन्हा खाली ठेवली.

"सव्वीस," इलेनिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान ताठ होती. "प्रोफेसर, तुमच्या नावाला सव्वीस नाही शोभत. हॉलंडचं जाऊ दे. मी पुढच्या हिवाळ्यात जाते. तीस आणते."

तुल्लिओने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला एवढंच म्हणावं लागलं, "बाबांचा कोट आठवतो?"

तो बराच वेळ टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यावर बोट फिरवत बसला. मग तुल्लिओ उठला. त्याने आपली खुर्ची इलेनियाच्या समोर ओढली आणि परीक्षेला बसतात तसा तिच्यासमोर बसला.

"माझ्या नावाचं ओझं तू घेऊ नकोस," तो म्हणाला. "मी तुला चुकीचं शिकवलं. परत जाता येतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. प्रत्येक वेळी जाता येत नाही. आणि गेलो तरी ज्याच्यासाठी जायचं, ते तोवर थांबलेलं नसतं." "सव्वीस. स्वीकारतेस?"

इलेनियाने डोळे पुसले. गोरोची पोरगी ती, पाण्यात वाढलेली, सहजासहजी बुडणारी नव्हे. "आणि तुम्ही, प्रोफेसर? तक्ता स्वीकारता?"

"आधी तू."

"आपण दोघं एकदम म्हणू."

"स्वीकारते," ती म्हणाली. तिच्या पाठोपाठ तोही म्हणाला, जरा उशिरा. ल्यूडर्सबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, आणखी काप्पेलाच्ची आहेत का. मी म्हटलं, गोड आहेत. त्या म्हणाल्या, चालेल.

सोमवारी दिवसभर माझं दुकानात लक्ष नव्हतं. तुल्लिओला मी ओळखते. रविवारी हो म्हणेल आणि सोमवारी सहीच्या वेळी पेन खाली ठेवेल. एका मुलाच्या प्रबंधाची पानं मी उलटी बांधली आणि त्याच्यावरच खेकसले. दुपार गेली, दिवे लागले, धुकं गल्लीत उतरलं. इलेनिया एकदा डोकावून गेली. बैठक अजून चालूच होती.

मग बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. तुल्लिओ दारात उभा राहिला, टोपीवर धुक्याचं पाणी. तो दमलेला दिसत होता, आणि मला एकाएकी जाणवलं की तो बाबांपेक्षा म्हातारा झालाय.

मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "आणला."

डिंकाच्या डब्यांमागे मी एक बाटली ठेवते, मुलांच्या पदव्यांच्या दिवसांसाठी. ती काढली आणि दोन पेल्यांत दोन-दोन बोटं ओतली. तो अजून दारातच होता. खोट काढत बसण्याची त्याची सवय जात नाही. खिशातून तक्ता काढून तो म्हणाला, "टीप दिली. पण ती फारच लहान अक्षरांत आहे. पोलंडचा एक रकाना मला अजून पटत नाही. मी म्हणेन, फार तर तेवीस गुणांचा तक्ता झाला." मी तो कागद न बघता बाजूला ठेवला आणि पेला त्याच्या हातात दिला.

"कितीचा हवा होता, ते तरी विचार," तो म्हणाला.

"बाबांनी कधी विचारलं होतं?"

तो मला काहीतरी उत्तर देणार होता. मग थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. तो मागे जात होता, एकेका परीक्षेपाशी, एकेका संध्याकाळपाशी. पंचविसांपाशी, सत्ताविसांपाशी, आमच्या घराच्या दारापाशी.

"नाही," तो म्हणाला. "कितीचा, हे त्यांनी कधीच विचारलं नाही."

"चल," मी म्हटलं. "जेवायला बस."